सूनबाईचा दवाखाना आणि माझी दाढ

जुळे सोलापुरात आमच्या बाकावर रोज सकाळी चार म्हातारे जमतात आणि मलाच टोचतात, "धोंडिबा, ते दवाखान्याचं सांगा की!" किती वेळा सांगायचं? माझं तोंड काय भाड्यानं घेतलंय व्हय? आता एकदाच लिहून ठेवतो. ज्याला पाहिजे त्यानं वाचावं. घरात दातांची डॉक्टर आली की असले किस्से अंगाला चिकटतातच, मेंढराच्या लोकरीला कुसळं चिकटावीत तसे.

सूनबाई सुवर्णा कलबुर्गीकडची. तिथं ती दातांची डॉक्टर, परवाना तिथला. लग्न करून महाराष्ट्रात आली, तर म्हणे परवाना पण इकडं आणायचा. तोवर इथं कुणाच्या तोंडात हात घालायचा नाही. पोरानं घराखालचा गाळा रंगवला, खुर्ची आणली, पाटी लावली. मग पाटीवर चादर टाकून आम्ही वाट बघत बसलो.

नेमकी तेव्हाच माझी दाढ ठणकायला लागली!

"काढ की गं," मी म्हणालो.

"मामा, इथला नोंदणीचा नंबर आल्याशिवाय हात लावणार नाही. दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊन या."

"तिकडं काढत हुतीस न्हवं? सीमा वलांडली की दाढा बदलत्यात व्हय?"

"दाढा नाही बदलत. राज्य बदलतं!"

घरात डॉक्टर असताना मी दुसऱ्याच्या खुर्चीत बसू? लोक काय म्हणतील? सांगून टाकलं, "उद्घाटनाला पहिली दाढ माझीच निघंल!" आणि लवंग चघळत बसलो.

*

दसऱ्याला आमच्यात अवजारं पुजतात. माझ्या म्हातारीनं कोयता पुजला, कात्री पुजली आणि खाली जाऊन त्या पांढऱ्याशुभ्र खुर्चीला पण हळदीकुंकू लावून आली. हळद काही केल्या निघेना. म्हातारी घाबरली.

सूनबाईनं खुर्चीकडं बघितलं. म्हणाली, "राहू दे आत्या. पिवळ्या दातवाल्यांना हिच्यावर बसवीन. तेवढेच पांढरे दिसतील!"

*

कुंभारी गावचा आमचा भाऊबंद मारुती गाल सुजवून आला. नंबर आला नाही म्हणून सूनबाईनं हात जोडले. तो पेटलाच. "घरच्या माणसाला बी न्हाय?"

मी म्हणालो, "तिला परवाना लागतो, मला कुटं लागतो? आ कर."

जन्मभर मेंढरांचे दात बघून वय सांगितलंय मी. आत डोकावलो आणि खरं ते सांगितलं, "मारुती, तू आता बाजारात न्हेण्याजोगा राहिला न्हाईस!"

चहा न पिताच गेला.

*

मग मला वाटलं, सीमाच ओलांडावी. अक्कलकोटच्या पुढं गेलं की कर्नाटक.

"चल, तुझ्या माहेरी जाऊ. तितं तर काढशील?"

"मामा, तिकडच्या नोंदणीतलं नाव कमी झालं. इकडं अजून चढलं नाही."

"मंजी आत्ता तू कुटलीच डॉक्टर न्हाईस?"

"कुठलीच नाही. भाकरी टाकू का?"

*

शेवटी नंबर आला. पाटीवरची चादर काढली. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, मी बघितलं नाही असं दाखवलं. नवा पटका बांधून मी खुर्चीकडं निघालो. दाढ तर अशी ठणकत होती की डोळ्यांपुढं काजवे!

"थांबा की बीगर!" मागनं आवाज आला. बीगर म्हणजे त्यांच्याकडं व्याही. सूनबाईचे वडील, उद्घाटनासाठी आलेले. "पहिला मान मुलीच्या बापाचा!"

म्हातारीनं लगेच त्यांना कुंकू लावलं. व्याह्याच्या मानाला नाही कसं म्हणणार? मी बाजूला झालो. ते खुर्चीत ऐसपैस पसरले. सूनबाईनं हातमोजे चढवले, दिवा लावला.

"आप्पा, आ करा."

व्याह्यांनी तोंडात हात घातला. वरची कवळी काढली. खालची काढली. दोन्ही तिच्या हातावर ठेवल्या आणि बोळक्यातनं म्हणाले, "निवांत धू पोरी. घाई नाही!"

मी गाल धरून उभा. कवळी धुवायला माझा पहिला नंबर घेतला, त्याबद्दल त्या व्याह्यानं माझी माफी अजून मागितलेली नाही. नाव विचारताय? शिवलिंगप्पा!