अण्णांच्या पेटीचा भाता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका.

आमचं घर मुरुडजवळ. सासरे — अण्णा — गावच्या भजनात पेटी वाजवायचे. मग त्यांचं डावं अंग लुळं पडलं. उजवा हात शाबूत होता, पट्ट्यांवर चालायचा. पण भाता कोण मारणार? ते काम माझ्याकडे आलं. रोज चार ते सहा, पेटीच्या पलीकडे त्यांच्यासमोर बसून मी भाता मारायचा, त्यांनी वाजवायचं.

“तुझा हात हाय म्हणून माझी पेटी हाय गो,” म्हणायचे. कौतुकच ते. पण माझा जीव गुदमरायचा. माहेरी गेले तरी चारच्या आत परत. अंगात ताप असला तरी भाता. हात जरा मंदावला की सूर रडायचा आणि ते माझ्याकडे बघायचे — रागाने नाही हो, नुसती वाट बघत. त्या बघण्याचाच मला संताप यायचा. अशी तीन वर्षं.

एकदा नवरा त्यांना आंघोळ घालत होता, तेव्हा मी ब्लेड घेतलं. भात्याच्या आतल्या घडीत, दिसणार नाही अशी, बोटभर चीर दिली. चारला बसलो तर भाता नुसता फुसफुसला. उंदराचं काम, सगळे म्हणाले. मीही म्हटलं.

इथवर रागाच्या भरात झालं, असं म्हणता आलं असतं. पण पुढचं? नवऱ्याला जेट्टीवरच्या कामातून सुट्टी नव्हती, म्हणून दुरुस्तीला पेटी घेऊन मीच एसटीने अलिबागला गेले. स्टँडवर दोन तास पेटी मांडीवर घेऊन बसले आणि परतीची गाडी धरली. दुकानाकडे फिरकलेसुद्धा नाही. घरी येऊन सांगितलं — आता हा भाता दुरुस्त होत नाही म्हणे.

जन्मभर पेटी वाजवलेला माणूस — चामड्याचं ठिगळ लावलं की भाता चालतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं? माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “दमलीस गो. बस आता जरा.”

चार ते सहाचे ते दोन तास मला मिळाले. काय केलं मी त्या वेळेचं? काही नाही. चार वाजले की स्वयंपाकघरात जाऊन बसायचे, त्यांच्यासमोर जावं लागू नये म्हणून.

अण्णा त्यानंतर चार वर्षं जगले. कुणी भेटायला आलं की सांगायचे, “पोटच्या पोरीनं केलं नसतं, तेवढं हिनं केलं.” मी तिथेच उभी असायचे, हातात चहाचा ट्रे घेऊन. एकदाही बोलले नाही.