मामाजींची मशीन आणि सहा धोतरं

माझ्या सासऱ्यांना तीन अपत्यं होती : दोन पोरी आणि एक गवत कापायची मशीन. मशीन वयानं सगळ्यात धाकटी, पण घरात मान तिचाच मोठा. दोन्ही पोरींच्या लग्नात मामाजींचे डोळे कोरडे ठणठणीत होते. मशीनला साधा ओरखडा उठला तरी भरून यायचे. (आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला मामीजी. जावयाला जवाईबापू म्हणतात, पण त्यावरून कुणी फार मान देतं असं समजू नये.)

स्वराज्य येऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. आमचा सगळा जंगल-मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यात मोडायचा. मामाजी लाकडाचे ठेकेदार, आलापल्लीच्या अलीकडं भर जंगलात त्यांचं घर. त्याच्या चार वर्षं आधी एका खाणीवरचा गोरा साहेब गाशा गुंडाळून विलायतेला निघाला आणि त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं. शहाण्या लोकांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले. मामाजींनी ही मशीन घेतली! पेट्रोलवर चालायची. खाली पातं गरगर फिरायचं आणि त्याच्यावर लोखंडी पत्र्याचं भलंमोठं उपडं झाकण. घरात त्याला सगळे मशीनची परात म्हणायचे. चहूकडं डोक्याएवढं गवत माजलेलं, चितळं दारापर्यंत येऊन चरायची. आणि त्यात मामाजींच्या ओसरीपुढं चार खाटांएवढा हिरवळीचा तुकडा, तो कापायला ही विलायती मशीन.

माझ्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. बायको, म्हणजे वत्सला, आखाडाला माहेरी आली होती. चांद्याला मी एकटा हातानं भाकरी थापत होतो आणि त्या भाकरी शेजाऱ्यांचं कुत्रंसुद्धा हुंगून सोडून द्यायचं. भाकरीचं जाऊ द्या, मला तिच्याशिवाय करमत नव्हतं! तेव्हा सांगायची चोरी होती; आता या वयात लाज कसली? कचेरीतून रजा काढली आणि तिला न्यायला सासुरवाडीला हजर झालो. मामाजी नेमके सिरोंच्याला निघालेले. ट्रकमध्ये एक पाय टाकून ते म्हणाले,

"जवाईबापू, आता आलेच हा त थांबा. मशीन तुमच्या हवाली."

"हो जी."

"कोरडी ठेवजा. परातीले गंज लागला नाई पायजे."

"हो जी."

"मी वापस आलो का पयले मशीन पाहीन. चांगली दिसली त वच्छीले घेऊन जा. नाई दिसली, त पोरगी दिवाळीपर्यंत इथीच राहीन!"

दिवाळी साडेतीन महिने लांब होती. मी तिसरा "हो जी" म्हणेपर्यंत ट्रक निघाला होता.

आता एखाद्या शहाण्या माणसानं मशीनला हातच लावला नसता. पण मला वाटलं, सासरे परत येतील तेव्हा हिरवळ कशी गालिच्यासारखी दिसली पाहिजे! पावसाची जरा उघडीप बघून मी मशीन फिरवली. गवत ओलंचिंब. ते कापलं गेलं आणि तिथंच परातीच्या आत पालकाच्या भाजीसारखं लदबदून बसलं. ते खरवडून काढायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. (मी मॅट्रिक होतो, पण हा धडा आम्हाला नव्हता.) मशीन तशीच कोठीत नेली आणि हवा लागू नये म्हणून एका पोत्यात बांधली. पोतंसुद्धा मी मुद्दाम निवडून काढलं! जाड, कोरडं, आत पांढरंशुभ्र.

आठ दिवसांनी वत्सलाला माझी करामत दाखवायला पोतं सोडलं. परात विटकरीसारखी लाल झाली होती आणि तिचे पोपडे माझ्या पायावर पडले.

"माय माय! हे काय करून ठेवलं?" वत्सला ओरडली. मग तिनं पोत्याला बोट लावलं, जिभेला लावलं आणि डोक्याला हात लावला. "अवो, हे मिठाचं पोतं हाय! मजुरायले वाटाचं मीठ येते याच्यात! तुमाले मॅट्रिक कोनं केलं जी?"

"तू ओरडू नको. मामीजी ऐकतील."

"ऐकू द्या! मले नाई राहाचं इथी दिवाळीपर्यंत. बाबा दिवसभर मशीनच्या गोष्टी सांगते!"

एवढं बोलून तिनं पदर डोळ्याला लावला. बायकोचे डोळे पुसायचे की परात, हा प्रश्न होता. मी परात पुसायला घेतली.

ट्रकवाल्याचा एक पाना घरात राहिला होता, त्या पान्यानं नट खोलून परात सुटी केली. विटेचा तुकडा घेऊन घासली. राखेनं घासली. दोन दिवसांत माझी बोटं सोलून निघाली आणि गंज जिथल्या तिथं. मग आठवलं की मामीजी तांब्याची भांडी चिंचेनं लख्ख करतात. गोळाभर चिंच आणली आणि रगडली. काय सांगू, परात आरशासारखी चमकली! तिच्यात तोंड बघून मी मिशीसुद्धा पिळली. संध्याकाळी पाहतो तर परात पहिल्यापेक्षा लाल! मग मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल चोपडलं, तर गंजाचा नुसता चिखल झाला आणि गावातले सगळे मुंगळे जेवायला आले.

शेवटी चैतीबाईला दया आली. चैतीबाई म्हणजे मामाजींकडं धान कांडायला येणारी गोंड म्हातारी. माझी झटापट ती तीन दिवस तंबाखू मळत पाहत होती.

"हिरडा उकळा, भाऊ," ती म्हणाली. "त्याचं पानी चिंधीनं पुसा. गंज काळा पडते, मंग वाढत नाई. पयले खरवडा, मंग लावा, मंग वाळू द्या. आमी लुगड्याले काळा रंग असाच देतो, हिरडा अन लोखंड. कितीबी धुवा, जात नाई."

"हिरडा किती घेऊ?"

"वंजळभर."

एवढी मोठी परात, एवढा गंज, एवढे कडक मामाजी आणि हिरडा ओंजळभर? म्हातारीला हिशेब काय कळतो! मामाजींच्या कोठीत हिरड्याची पोती थप्पी लावून होती. मी अर्धं पोतं ओतलं, कढईत उकळलं आणि चिंधीनं कुठं पुसत बसू म्हणून परात सरळ अंगणातल्या सिमेंटच्या हौदात बुडवली, वरून हिरड्याचं पाणी सोडलं. ती म्हशीसारखी दोन दिवस आत डुंबत होती. मी दर तासाला बाह्या सारून हात घालून ती उलटीपालटी करत होतो.

आणि चैतीबाईचा शब्द खरा झाला! परात बाहेर काढली ती काळी कुळकुळीत. वाळवली, बोट फिरवलं, गंजाचा कण नाही. वत्सला इतकी खूश झाली की सगळ्यांदेखत माझ्याकडं बघून हसली. (त्या काळी एवढं फार होतं.) तेवढ्यात एक गाडीवान निरोप घेऊन आला, "ठेकेदार उद्या येऊन राह्यले. संग सिरोंच्याचा सावकार हाय." माझी एकच धावपळ उडाली. परात मशीनला बसवली, दोन नट उरले ते खिशात टाकले आणि विजयी मनानं झोपलो. हौद रिकामा करायचा राहिला.

आता तुम्ही म्हणाल, हौदातलं पाणी कुणाला दिसलं कसं नाही? अहो, पावसाळ्यात आमच्या विहिरीचं पाणीसुद्धा चहाच्या रंगाचंच असायचं! सकाळी मामीजींनी नवरा येणार म्हणून त्यांची घरातली सगळीच्या सगळी सहा धोतरं त्या हौदात भिजत घातली. मेव्हणीनं, तीही आखाडाला आलेली, त्यातच हात धुतले, वत्सलानं तोंड धुतलं. धोतरं दोरीवर पडली तेव्हा जराशी मळकट दिसत होती. मग ऊन निघालं. तासाभरात धोतरं राखाडी झाली, दोन तासांत निळीकाळी, आणि जेवणाच्या वेळेला दोरीवर ओळीनं सहा कावळे बसल्यासारखं दिसू लागलं.

"हे भूताटकी होय का काय, बाप्पा!" मामीजी किंचाळल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. कपाळावर पाच काळी बोटं उमटली नाहीत, कारण रंग हाताला पक्का बसला होता. हात मात्र मनगटापर्यंत काळे!

नेमके त्याच वेळी मामाजी आले. नाला भरलेला, ट्रक पलीकडं सोडून दोघं पाण्यातून चालत आलेले. मामाजी कमरेपर्यंत चिखलात आणि मागं व्यंकय्या सावकार, ओलेगच्च, पण गाडीवानानं डोक्यावरून आणलेल्या ट्रंकेतलं एक कोरडं पांढरं धोतर नशिबानं शिल्लक असलेले. सावकारांनी ते नेसलं. मामाजी न्हाणीतून ओरडले, "धोतर आना!"

कुणी हलेना.

"अवो, धोतर आना ना! काऊन उभे राह्यले सारे?"

मामीजींनी दोरीकडं बोट दाखवलं. मामाजींनी दाराआडून मान काढून पाहिलं आणि बराच वेळ ती मान आत गेली नाही. काळं धोतर नेसून पाहुण्यापुढं जायला ते तयार होईनात. शेवटी मामीजींचं हिरवं लुगडं गुंडाळून आमचे ठेकेदार सासरे ओसरीवर प्रकट झाले. चालताना काठ सावरत होते.

पण मशीन पाहिली आणि माणूस विरघळला! "वा, जवाईबापू! असा रंग त साहेबाच्या घरीबी नोता! पाहा सावकार, ही मशीन. अस्सल विलायती!" वत्सलानं दाराआडून मला हळूच खूण केली, सामान बांधते म्हणून. मी छाती फुगवून उभा.

"चालू करून दाखवतो," मामाजी म्हणाले.

"मामाजी, आज नको," मी म्हणालो. परातीच्या दुमडलेल्या कडेच्या घडीत थोडं पाणी साचलेलं असावं अशी मला पुसट शंका होती.

"काऊन नको? सावकार काय रोज येते?"

त्यांनी लुगड्याचा ओचा खोचला आणि दोरी ओढली. मशीन गरजली, पातं फिरलं आणि परातीच्या घडीत साचलेला हिरड्याचा सगळा अर्क एका दमात, कापलेलं गवत जिथून बाहेर पडतं त्या बाजूच्या तोंडातून सुटला. समोर व्यंकय्या सावकार उभे होते. टोपीपासून टाचेपर्यंत!

"अय्यो! एमिटि इदि?" सावकार ओरडले. हे काय आहे, असं ते तेलुगूत विचारत होते.

पाहुण्याला ओलं ठेवता येत नाही. मामीजींचं दुसरं लुगडं बाहेर आलं, जांभळं. ओसरीवर दोन दांडगे पुरुष, एक हिरव्या लुगड्यात, एक जांभळ्या लुगड्यात, मांडीला मांडी लावून सागाच्या ओंडक्यांबद्दल बोलत बसले. मला हसू आवरेना म्हणून मी खांबाकडं तोंड केलं. मामाजींना ते दिसलं. मग त्यांनी दोरीवरच्या धोतरांकडं आणि मामीजींच्या काळ्या हातांकडं पाहिलं.

"सारे इकडं या! हात दाखवा!"

रांग लागली. मामीजींचे हात मनगटापर्यंत काळे. मेव्हणीची बोटं काळी. वत्सलाचे हात काळे आणि हनुवटीसुद्धा. मामाजी एकेकाचे हात पाहत माझ्यापाशी आले. मी हात मागं बांधून उभा.

"दाखवा, जवाईबापू."

मी दाखवले. बाही वर सारत सारत मामाजी कोपरापर्यंत गेले, पुढं दंडापर्यंत गेले, रंग काही संपेना.

"मिठाचं पोतं..." मी सुरुवात केली. सगळं सांगून टाकलं. पोतं, वीट, चिंच, मुंगळे, हौद, काही लपवलं नाही. मामाजींचा चेहरा बघून कळलं की दिवाळीच काय, पुढची संक्रांतही गेली. मागं वत्सलाचा हुंदका ऐकू आला.

पण बोलल्या मामीजी. "जवाईबापूले काई म्हनू नका! चार वर्सापासून या मशीनले पयले पुसा, मंग जेवा. पोरीचं पांघरून काढून मशीनवर टाकलं तुमी! आज माझे तीनपैकी दोन लुगडे तुमी दोघं नेसून बसले. आता या घरात मशीन राहीन, नाई त मी राहीन!"

सावकार पदर सावरून दुसरीकडं बघू लागले. मामाजींनी विचार केला (फार वेळ केला, मामीजींनी तो मोजला), आणि मग हताश होऊन म्हणाले, "मंग जवाईबापूसंगच देतो. वच्छी चालली, तिच्यासंग हेबी जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली. पोरीच्या पाठवणीला मामाजी ठीक होते. मशीन गाडीत चढली आणि त्यांना हुंदका आवरेना! परातीवर हात फिरवत ते मला सांगत होते, "ओलं गवत चिकटू देऊ नका जी. कापलं का खरवडजा. वाळली का तेलाचा बोळा फिरवजा. मीठ दाखवूसुद्धा नका!" वत्सला शेजारी उभी राहून वाट पाहत होती, बापाचं आपल्याकडं कधी लक्ष जातं याची.

हाकणारा सोडला तर गाडीत एक माणूस आणि एक मशीन एवढीच जागा. वत्सला चढली, मशीनवर छत्री धरून बसली, आणि मी चिखलातून मागं चालू लागलो. चांद्याला आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं, माडीवरचं, गवताची काडी नाही. पण बायको मिळाली होती, मी खूश होतो. वाटेत समोरून दुसरा एक गाडीवान आला आणि थांबला.

"बाई, माहेराहून काय घेऊन चालली व?"

"मशीन हाय. बाबानं देल्ली," वत्सला म्हणाली.

"अन तो मांगं काळ्या हाताचा चालून राह्यला, तो कोन?"

वत्सलानं मान वळवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तो मशीनसंगच आला," ती म्हणाली.

मला त्याचं चांगलं उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलंही, पण त्याच क्षणी पावसाची सर आली, वत्सलानं छत्री स्वतःवर घेतली, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "अवं, छत्री मशीनवर घे, परात भिजून राह्यली!"