उरलेला गुन्हा

वकीलकाका आरोप कधी सलग वाचत नसत. आधी कोऱ्या कागदावर ते त्याचे तुकडे करत, एका ओळीत एकच गोष्ट. माल नेला. नेताना मारलं. मारलं ते माल नेण्यासाठीच. मग साक्षी ऐकताना जी गोष्ट सिद्ध होत नसे तिच्यावर पेन्सिलीने रेघ. शेवटी राहिलेल्या ओळी वाचून म्हणत, "उरलं तेवढंच आपलं." जबलपूरच्या सेशन कोर्टात त्यांना सगळे पेन्सिलवाले वकील म्हणत. मी तिथे नकलनवीस होतो. निकालांच्या नकला उतरवून देणं हे माझं काम. चेरीतालला आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत, म्हणून मला ते वकीलकाका.

सिविल लाइंसला, कोर्टात, आम्ही बरोबर चालत जायचो. एकदा मी विचारलं की आरोप लुटीचा असताना शिक्षा चोरीची कशी होते. चोरीचा आरोप तर कुणी लिहिलाच नव्हता.

"लुटीच्या पोटात चोरी असतेच ना," ते म्हणाले. "ज्यानं लुटीला उत्तर दिलं, त्यानं चोरीलाही देऊन टाकलं. मारहाणीची ओळ खोडली की खाली चोरी उरते. नवा आरोप काहून लिहायचा?"

"म्हणजे कोर्ट वाटेल तो लहान गुन्हा लावू शकतं?"

"नाही. शिक्षा कमी म्हणून गुन्हा पोटातला होत नाही. मारामारीच्या आरोपीला चोरीत पाठवता येत नाही. अन् चोरीच्या आरोपातून लूट तर नाहीच काढता येत. हा रस्ता खालीच जाते."

घरीही त्यांचं हेच चाले. आई म्हणायची, "भाऊजी, दूधवाला चोर झाला आहे."

"वहिनी, पाणी घालताना पाहिलं काय?"

"नाही."

"मग उशीर करते, एवढंच धरा."

"तुम्ही त्याला सोडून द्याल हो. इथे चहा मला करायचा असतो."

ते हसत. पण आमच्याकडे चहाला फारसे थांबत नसत. त्यांची बायको लग्नानंतर दुसऱ्या वर्षी वारली होती आणि दुसरं कुणी नव्हतं. सणाला जेवायला बोलावलं तर येत नसत. "तुमचे चार पाट मांडलेले असतात," म्हणत. "पाचव्यासाठी कुणाला तरी उठावं लागते." ताट पाठवलं तर घासूनपुसून परत येई. पुढे आम्ही बोलावणं सोडलं, ताट पाठवत राहिलो.

मग सुखलालचा खटला आला. सुखलाल कांचघरचा टांगेवाला. टांग्यांच्या अड्ड्यावर भांडण झालं, लाठीच्या मारानं एक माणूस मेला, आणि चार साक्षीदारांनी लाठी सुखलालच्या हातात पाहिल्याचं सांगितलं. आरोप खुनाचा. म्हणजे फाशी होऊ शकत होती. सुखलालचं म्हणणं एकच होतं: "हम तो वहाँ थे ही नहीं, वकीलसाब. घोड़ी को नाल ठुकवा रहे थे." नाल ठोकणारा नालबंद मात्र लग्नासाठी कटनीला गेलेला. तो आठ दिवसांनी येणार होता.

वकीलकाकांनी तारीख वाढवून मागितली नाही. घोडीच्या नालाची गोष्ट कोर्टाला खोटी वाटली तर पुढचं कुणी ऐकणार नाही आणि माणूस फासावर जाईल, असा त्यांनी विचार केला. त्यांनी नेहमीचा कागद घेतला. मारण्याचा हेतू होता. रेघ. मार प्राणघातक ठरेल हे ठाऊक होतं. रेघ. कारण घाव एकच होता, तोही पायावर. निकाल त्यांच्या मनासारखा लागला: खून नाही, गंभीर दुखापत. पाच वर्षं सक्तमजुरी. वकीलमंडळी अभिनंदन करायला जमली. आरोपीच्या कठड्यातून सुखलालने विचारलं, "पर वकीलसाब, हमने मारा कब?"

निकालानंतर नालबंद परत आला. भांडणाच्या संध्याकाळी सुखलाल सूर्य बुडेपर्यंत आपल्यासमोर बसला होता, असं त्याने सांगितलं. शेजारच्या दोघांनीही तेच सांगितलं. नागपूरला अपील झालं. ही साक्ष खालच्या कोर्टात का आणली नाही, याचं पटेल असं कारण वकीलकाकांकडे नव्हतं. अपील फेटाळलं गेलं. त्या निकालाची नक्कल मीच त्यांना नेऊन दिली. त्यांनी खटल्याचा जुना कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "पाह्य. तो तिथं होता, ही ओळच मी लिहिली नाही. लिहिलीच नाही तर खोडणार काय?"

त्यानंतर त्यांनी फौजदारी काम घेतलं नाही. सुखलालला मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून घोडी आणि टांगा त्यांनी आपल्या अंगणात आणून ठेवला. ज्यांना स्वतःचा भात धड शिजवता येत नव्हता ते घोडीसाठी चणे भिजत घालू लागले. बार रूममध्ये थट्टा चाले, "वकीलसाहब, अब घोड़ी की वकालत?"  दर तीन महिन्यांनी जेलमध्ये भेट मिळे. शिक्षेतली सूट जाता सुखलालने तीन वर्षं दहा महिने काढले. पंधरा भेटी झाल्या. पंधराही वेळा त्याने फक्त घोडीचं विचारलं. "शिवी दिली असती तर बरं झालं असतं," काका मला एकदाच म्हणाले.

तो सुटला त्या दिवशी सकाळी सरळ चेरीतालला आला. मी आमच्या ओट्यावर होतो. काकांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांना काही बोलायचं होतं.  सुखलालने घोडीच्या पाठीवरून हात फिरवला. "खिलाया बहुत आपने. मोटी हो गई." त्याने टांगा जोडला, लगाम घेतला.

"सुखलाल, मुझे कुछ कहना हो तो कह दो," काका म्हणाले.

सुखलालने जरा विचार केला. रागावलेला दिसत नव्हता. "बैठिए वकीलसाब. जहाँ कहो, छोड़ देता हूँ."

काका टांग्याकडे पाहत राहिले. कोर्टाला सुट्टी होती. गावात भेटायला जावं असं कुणी नव्हतं.

"कहीं नहीं जाना," ते म्हणाले.

टांगा निघून गेला. काका फाटकाशी उभे होते. घोडीच्या पाण्याची बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली. आमच्यात दहा पावलांचं अंतर होतं आणि आत आई चहाच करत होती. ते येणार नाहीत असं मी धरून चाललो आणि हाक मारली नाही. पावसाळ्याच्या आत ते वारले. त्या सकाळी मी चहाला विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे मला ठाऊक नाही.