लांबीतला समुद्र

ज्योतीरामला रंगारी म्हटलेलं आवडत नसे, आणि अख्खी कंपनी त्याला रंगारीच म्हणे. त्यातही मशीन शॉपवाले जरा जास्तच. लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला वाटतं की कंपनी आपल्याच जिवावर चालते, बाकीचे नुसते शोभेला ठेवलेत. त्यांच्यातला विलास तर डबा उघडता उघडता विचारायचा, आज कुणाची भिंत रंगवली म्हणून. ज्योतीराम हसल्यासारखं करायचा आणि भाकरी मोडायचा. पण तो शब्द घरी पोचेपर्यंत त्याला सलत असे, आणि त्याची बायको कस्तुरा हिला ते न सांगता कळे.

माणूस मूळचा बीडकडचा. बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर तळाला गेली तेव्हा तो चिंचवडला आला आणि एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये चिकटला. त्याच विहिरीत लहानपणी तो डोळे उघडे ठेवून बुड्या मारायचा. बाकीची पोरं तळाचा गाळ मुठीत आणून दाखवायची. हा रिकाम्या हातानं वर यायचा आणि खाली उजेड कसा हिरवा होतो ते सांगत बसायचा. पोरं त्याला येडं म्हणत, आणि गाळ न आणणाऱ्याला गावात दुसरं काय म्हणणार?

पेंट शॉपमध्ये त्याला विद्या मिळाली ती गुळगुळीतपणाची. पत्र्यावर खड्डा दिसला की त्यात लांबी भरायची, म्हणजे पांढरं घट्ट लुकण. ती वाळली की वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासत सुटायचं, आणि बोटाला खरखर लागेनाशी झाली की मगच रंगाचं नाव काढायचं. शिस्त अशी होती की एका शिफ्टनं लांबी लावली की पुढच्या शिफ्टनं काही न विचारता ती घासून ठेवायची. कोण लावतो, कोण घासतो, याचा हिशेब तिथं कुणी ठेवत नसे.

पुढे कंपनीची सहल मुंबईला गेली. चौपाटीवर सगळे लाटांत नाचले, पण ज्योतीरामला वरून बघितलेला समुद्र काही पटला नाही. त्याला तो मळका वाटला. मत्स्यालयात मात्र काचेसमोर तो असा खिळला की सुपरवायझर जयसिंगरावांना त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढावं लागलं. विहिरीतला तोच हिरवा उजेड, आणि त्यात खडक, शंख, पोवळी! परत आल्यावर त्यानं पुण्यातून तैलरंगाच्या ट्यूबा आणल्या आणि आकुर्डीच्या एका खोलीच्या संसारात समुद्र मांडायला घेतला.

कस्तुरा निघोज्याची, फटकळ. भाकरीला टर्पेंटाइनचा वास यायला लागल्यावर तिनं सांगून टाकलं की घरात एक तर हा समुद्र राहील, न्हाईतर मी. आणि दुसऱ्या दिवशी आपली माहेरची पेटी माळ्यावर टाकून तिनंच हार्डबोर्ड ठेवायला जागा केली. तिचं बोलणं असं आणि करणं तसं, हे ज्योतीराम लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकला होता.

पण चित्र जमेना. मासे भिंतीवर चिकटवल्यासारखे दिसत, खडक सपाट. शेवटी एके दिवशी वैतागून त्यानं लांबीचाच गोळा हार्डबोर्डवर थापला, पत्र्यानं खरवडला, वर रंग दिला, आणि दिव्याच्या उजेडात त्या खडकाची सावली पडली. आठ तास खरखर मारण्यात गेलेल्या हातांना खरखर उभी करण्यात जो आनंद झाला, तो काय सांगावा! त्या दिवसापासून त्याचा समुद्र जाड होत गेला.

जयसिंगरावांनी ते पाहिलं आणि जोशात येऊन मॅनेजरसाहेबांना शब्द दिला की नव्या कॅन्टीनच्या समोरच्या भिंतीवर आमच्या पेंट शॉपचं चित्र लागेल. कॅन्टीन उघडायचं होतं खंडेनवमीला, त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि कामगारांची बायकापोरं कंपनी बघायला येतात. विलासनं लगेच पुडी सोडली की आता कॅन्टीनला चुना लागणार. ज्योतीरामचं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "त्या दिवशी चित्र लागलं न्हाई तर रिटायर होईस्तोवर मला रंगारी म्हणा. लागलं, तर पुन्हा तो शब्द काढायचा न्हाई."

पेंट शॉपच्या कोपऱ्यात मोठा हार्डबोर्ड उभा राहिला. खाली लांबीचे उंचवटे, त्यांवर गडद निळा, त्यावर लांबी, त्यावर हिरवा, पुन्हा लांबी, असे थर चढवत त्यानं समुद्राचा तळ उभारला. पूजेला दोन दिवस राहिले तेव्हा खडकांवर लांबीचा शेवटचा हात देऊन तो घरी गेला. एरवी रोजची लांबी रंगाखाली झाकूनच तो निघे, पण आज ती पांढरीच राहिली; उद्या नुसती छटा द्यायची होती.

सकाळी आला तर ज्ञानदेव आणि किसन चित्राशेजारी उभे. दोघं रात्रपाळीचे, दोघं त्याचे जिवाचे. तोंडं अशी खुललेली की जणू घरात वरात आलीय. ज्ञानदेव म्हणाला, "बघ राव, आरसा केलाय. तुझं घासायचं काम आमी उरकलं. आता बिनघोर रंग मार."

पांढरी लांबी दिसली, आणि त्यांनी शिस्तीप्रमाणे ती घासली. नुसती घासली नाही, मायेनं घासली, धुतली, वर हवा मारून वाळवली. खडक गेले, शंख गेले, तळ परातीसारखा सपाट.  शिवी देणार तरी कुणाला? ज्योतीराम बाहेर जाऊन सायकल स्टँडवर बसला आणि खरंच रडला. आत किसनला हळूहळू उमगलं आणि तो डोक्याला हात लावून खाली बसला. जयसिंगराव येऊन म्हणाले की चित्र राहू दे, भिंतीवर एखादं कॅलेंडर टांगू.

त्या कॅलेंडरनं ज्योतीराम उठला. निदान फळी तरी घरी न्यावी म्हणून आत आला, आणि तिरक्या उजेडात त्याला ते दिसलं. जिथं जिथं उंचवटे कापले गेले होते तिथं खालचे थर उघडे पडले होते. पांढऱ्याभोवती हिरवं, हिरव्याभोवती पांढरं, मधोमध निळा ठिपका, जसा आडवा कापलेला कांदा. सगळ्या तळावर शेकडो फुलं उमलली होती. मत्स्यालयात काचेमागे अशीच पोवळी त्यानं पाहिली होती, आणि ब्रशनं ती त्याला कधीच साधली नव्हती.

"ज्ञानदेवा, पेपर घे," तो म्हणाला. "हितं अजून घास. पण तळव्यानं न्हाई, एका बोटानं."

मग तिघं भिडले. ज्योतीराम बोट ठेवून दाखवी, ते दोघं घासत. कुठं थांबायचं हे त्यांच्या बोटांना पक्कं माहीत होतं. केसभर जास्त गेलं असतं तर फूल पुसलं असतं. भोवतीचे खडक त्यानं घट्ट तैलरंगानं पुन्हा उभे केले. तो रंग काही एका दिवसात वाळणार नव्हता, म्हणून चित्र ओलंच भिंतीवर चढलं आणि खाली पाटी लागली की हात लावू नये. खंडेनवमीला सर्वात आधी हात लावला तो विलासनं. दिवसभर तो हिरवं बोट मुठीत लपवत फिरला.

मॅनेजरसाहेबांनी माइकवरून ज्योतीरामला पुढे बोलावलं. हे आपल्या कंपनीतले चित्रकार, असं ते म्हणाले आणि कॅन्टीन टाळ्यांनी भरलं. विलाससुद्धा टाळ्या वाजवत होता. ज्योतीराम माइकसमोर उभा राहिला, आणि ज्यासाठी त्यानं पैज लावली होती तो चित्रकार हा शब्द हातात आल्यावर त्याला तो अपुरा वाटला.

"साहेब, माफी असावी. मी रंगारी हाय," तो म्हणाला. "ही फुलं ज्ञानदेवानं आणि किसननं घासून काढलीत. मी नुसता चित्रकार असतो, तर माझ्या पाठीशी असली माणसं नसती."

मागच्या रांगेत ते दोघं मान खाली घालून बसले होते. त्यानं माइक सोडला, गर्दीतून वाट काढली आणि दोघांना हाताला धरून चित्रापुढे आणून उभं केलं. बायकांच्या बाजूला कुणीतरी कस्तुराला विचारलं की यातला तुमचा माणूस कोणता. तिनं पदर सारखा केला आणि आख्ख्या कॅन्टीनला ऐकू जाईल असं सांगितलं, "त्यो मधला. रंगारी हाय आमचा."