रघूमास्तरांचे दात आणि बोटीवरच्या रेकॉर्डी

बँड सोडून मला बरीच वर्षं झाली, तरी चार जण भेटले की वाजवायचा आग्रह कुणी करत नाही, किस्सेच मागतात. एक सांगायला घ्यावा तर त्याला चिकटून दुसरा येतो. मग आमची ही आतून ओरडते, "भात थंड झाला." आज जेवून बसलोय, तेव्हा ऐका.

आमचा बँड खालापूरचा, लग्नाचा. रघूमास्तर कॉर्नेट वाजवायचे, म्हणजे आखूड ट्रंपेट, आणि मी क्लॅरिनेट. नोटेशन कुणालाच येत नव्हतं. रेकॉर्ड ऐकायची आणि बसवायची. मास्तरांचा नियम एकच: "रेकॉर्डात हाय ते हाय. पदरचं कायबी घालायचं नाय."

रेकॉर्डी मिळायच्या मोहोपाड्याला. तिथल्या कॉलनीत डिसोझासाहेब म्हणून इंजिनियर होते, सत्तरच्या पुढची गोष्ट ही. त्यांचा भाऊ बोटीवर. दर खेपेला नवी कोरी एलपी आणायचा, कधी जॅझ, कधी फंक, कधी क्यूबाकडचं लॅटिन. रविवारी सकाळी साहेब आम्हाला बोलावणार, त्यांच्या बाई चहा देणार, आणि आम्ही सतरंजीवर बसून ऐकणार. मुंबईच्या दुकानात न आलेली गाणी खालापूरच्या लग्नात वाजायची. थापा नाही मारत.

*

पहिली लॅटिन रेकॉर्ड आली तेव्हा आमचा ड्रमवाला नामदेव मांडीवर काठ्या वाजवत ऐकत होता. थोड्या वेळानं त्यानं काठ्या खाली ठेवल्या.

"साहेब, ही पाच माणसं पाच वाटांनी चाललीत. कुणी कुणाला विचारत नाय, आणि भेटतात बरोबर."

साहेब खूश झाले. "नामदेव, हे मी दहा वर्षं लोकांना इंग्रजीत समजावतोय."

*

एकदा साहेब ड्युटीवर असताना मास्तरांनी आणि मी बाईंना विचारून प्लेयर लावला. त्याचं वेगाचं बटण तेहतीसवरून पंचेचाळीसवर सरकलेलं. आम्हाला काय ठाऊक? म्हटलं, फंक असंच पळत असणार. आठवडाभर दम लागेस्तोवर बसवलं, आणि कर्जतच्या एका लग्नात नवरदेवाच्या मिरवणुकीला तेच लावलं.

घोडं दुडकायला लागलं. घोड्यामागं मामा, मामांमागं करवल्या, सगळे पळतायत. मंडपात पोचलो तेव्हा मुहूर्ताला पाऊण तास होता, आणि नवरीचा बाप गालाला साबण लावून बसलेला. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि भावाला म्हणाला, "ही आपलीच मंडळी हायत का विचार आधी. आपली एवढ्यात येणार नाय."

पुढच्या रविवारी साहेबांनी बटण जागेवर आणून तीच रेकॉर्ड लावली. मास्तरांनी शांतपणे ऐकली.

"साहेब," ते म्हणाले, "दमली बिचारी."

*

आता दातांचं. त्याच वर्षी मास्तरांचे वरचे पुढचे दोन दात किडले आणि काढावे लागले. कॉर्नेटचं तोंड ओठावर दाबायचं असतं, त्याला मागून दातांचा आधार लागतो. मास्तरांनी फुंकून बघितलं. नुसती हवा.

चौदा एप्रिलची जयंती दीड महिन्यावर आली होती. आमच्या वस्तीतली मिरवणूक मास्तरांच्या कॉर्नेटशिवाय कधी निघाली नव्हती. त्यांच्या आधी त्यांचे वडील वाजवायचे. मास्तरांनी कॉर्नेट धोतराच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि मला म्हणाले, "मी झांजा वाजवीन रं आता." मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

वैनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, ह्ये बाजा ठेवल्यापासून जेवताना पण बोलत नायत. काय तरी करा."

मी काय करणार? साहेबांनी केलं. कर्जतच्या डॉक्टरकडून मास्तरांना दोन दात बसवून आणले आणि बोटीवरची नवी एलपी दाखवली. तिच्यात ट्रंपेटचं एक संथ गाणं होतं. पंधरा दिवस मास्तर रोज संध्याकाळी एसटीनं मोहोपाड्याला जायचे, एकटेच. आम्हाला फिरकू दिलं नाही. "बसलं की बोलावतो," एवढंच.

एका रविवारी साहेबांकडं बोलावलं. वैनीपण आल्या. मास्तरांनी ओठ लावले आणि पहिला सूर आला, भरलेला, गोल, पूर्वीसारखा. नामदेवानं माझा हात धरला.

गाणं मध्यावर आलं. सूर वर चढला आणि तुटला. मास्तरांनी परत तोच तुकडा घेतला, परत तिथंच तुटला. तिसऱ्यांदा तेच. मग जरा थांबून ते एकदम पुढं गेले आणि गाणं संपवलं.

कुणी टाळी वाजवली नाही. दात सरकले असणार, मला वाटलं. नामदेव सतरंजीकडं बघत बसला. वैनींनी पदर तोंडाला लावला.

मास्तर मात्र खुशीत. "काय झालं रं? तोंडं का पडली?"

साहेब उठले. त्यांनी ती एलपी लावली. तेच गाणं. मध्यावर आलं, सूर वर चढला आणि सुई अडकली. तोच तुकडा. परत तोच. तिसऱ्यांदा तोच. साहेबांनी रोजच्या सवयीनं बोट लावून सुई पुढं ढकलली.

वैनींनी पदर काढला. मास्तर आमच्याकडं बघत होते.

"बरोबर हाय ना?" ते म्हणाले. "मग जयंतीला असंच घ्यायचं."