परत न आलेलं पत्र

“परत न्हाय आलं म्हंजे पोचलं की,” असं म्हणत मामा चष्मा कपाळावर सारायचे आणि जावक रजिस्टर मिटायचे. आमच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीत टपालाचं काम त्यांच्याकडे होतं. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याचं खरं नाव कुणीच घेत नाही.

ईमेल आलं, त्याची देखभाल माझ्याकडे आली आणि मामा गोंधळले. पाकीट नाही, तिकीट नाही आणि पत्ता चुकला तर पत्र मिनिटात परत. एवढ्यात पोस्टमन जाऊन आला कसा, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. मला तरी कुठे नीट सांगता येत होतं!

मग एका सकाळी शेकडो पत्रं परत येऊन पडली. कुणा भामट्यानं पाठवणारा म्हणून आमचा पत्ता घालून जगभर औषधांच्या जाहिराती धाडल्या होत्या. न पोचलेल्या सगळ्या आमच्या माथी. मामांना वाटलं, आपल्याच हातून भलतं बटण दाबलं गेलं. औषध कशावरचं ते मी सांगितल्यावर तर ते जेवलेच नाहीत. दुपारी पाहतो तर प्रत्येकाला उत्तर लिहीत बसलेले: ‘सदर पत्र आम्ही धाडलेले नाही, क्षमस्व.’ त्यातलीही निम्मी परत येत होती.

मालक भडकले. मी सर्व्हरवर नियमच घातला: परतीचं पत्र दिसलं की नष्ट. पेटी स्वच्छ झाली. मामा मात्र टेबलापाशी उभेच.

“सायेब, ह्यात एखादं आपलं खरंच परत आलेलं असलं तर? ते कसं कळायचं?”

नंतर बघू, म्हणालो. बघितलं नाही.

मामा निवृत्त होऊन पेठ वडगावला गेले. जाताना नातीनं काढून दिलेला ईमेल पत्ता चिठ्ठीवर देऊन गेले. पहिलं पत्र तुमचंच यायला पाहिजे, असं बजावून गेले. मी त्याच आठवड्यात लांबलचक लिहिलं. उत्तर नाही. परत आलं नाही म्हणजे पोचलं, अशी त्यांच्याच शब्दांत मी स्वतःची समजूत घातली. थोडा रागही आला.

वर्षभरानं मामा गेल्याचं कळलं. घरी गेलो तर नात म्हणाली, “दर बाजारादिवशी मला सायबर कॅफेत न्यायचे. सायबांचं पत्र आलंय का बघ म्हणायचे.”

ऑफिसात येऊन चिठ्ठी शोधली, पाठवलेल्या पत्राशी ताडली. पत्त्यातलं एक अक्षर मी गाळलं होतं. पत्र तेव्हाच परत आलं असणार आणि माझ्याच नियमानं ते फेकून दिलं. मला माझीच लाज वाटली.

नियम काढला. पत्ता नीट घालून तेच पत्र पुन्हा पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत पेटीकडे बघत बसलो. परत आलं नाही. पोचलं म्हणावं की काय, ते मला अजून कळलेलं नाही.