एनोराब्वेना आणि पेढ्यांचा डबा

आयर्लंडमधल्या एखाद्या माणसाचं जरा कुठे बरं झालं आणि तो नावन गावच्या मामांच्या तावडीतून सुटला, असं आजवर घडलेलं नाही. हे माझ्या बायकोचे मामा. मूळचे नागपूरचे, पेशाने भूलतज्ज्ञ. दिवसभर लोकांना झोपवायचं आणि उरलेल्या वेळात जे जागे असतील त्यांचं अभिनंदन करायचं, हा त्यांचा दिनक्रम. नोकरी, घर, बाळ ही तर मोठी निमित्तं झाली; मामांना गाडीचं लायसन्स रडतखडत मिळवलेला माणूसही चालतो. एकदा पित्ताशय काढून घेतलेला एक म्हातारा शेतकरी शुद्धीवर येतो न येतो तोच मामा त्याच्यावर ओणवे होऊन म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स!" म्हाताऱ्याने अर्धवट डोळे उघडून विचारलं, "बॉय ऑर गर्ल, डॉक्टर?"

या अभिनंदनाचे नियम कडक आहेत. फोनवर करायचं नाही. समोर उभं राहून, हातावर पेढा ठेवून करायचं, आणि ज्याचं त्याच्या भाषेत करायचं. पेढे मामा स्वतः मिल्क पावडरचे करतात आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून प्रेसमध्ये ठेवतात. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इकडे प्रेस म्हणतात; मामींच्या प्रेसचा एक कप्पा मामांनी कायमचा बळकावला आहे. मला बढती मिळाली तेव्हा मी ल्यूकनला घरी फक्त बायकोला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सँडीफोर्डच्या ऑफिसात रिसेप्शनवरून फोन आला, "युअर मॅन इज हिअर विथ अ टब." खाली जाऊन बघतो तर आइस्क्रीमचा डबा बगलेत धरून मामा आमच्या सिक्युरिटीवाल्याला पोलिशमध्ये शुभेच्छा देत होते. त्याला मुलगी झाली होती. मी त्याला रोज भेटायचो, मला पत्ता नव्हता. मामांनी दारातून लिफ्टपर्यंत येताना काढून घेतलं.

त्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सेव्हिलची एक नर्स होती. ती नोकरीत कायम झाली आणि मामांना स्पॅनिशची निकड लागली. घरात मास्तरीण होतीच. त्यांची एकुलती एक लेक शाळेत स्पॅनिश शिकत होती. "वाढदिवसाला फेलिसिदादेस," तिने बजावलं, "पण शी अर्न्ड धिस, बाबा. सो एनोराब्वेना." वर्षं काय, आपोआप सरतात, मेहनतीने मिळवलं त्याला हा शब्द. मामा आठवडाभर भाजी चिरताना, दाढी करताना एनोराब्वेना घोकत होते आणि लेक प्रेसला टेकून, हसून हसून चुका काढत होती. बापलेकीला इतकं बोलताना मामींनी प्रथमच पाहिलं. फक्त एक गोष्ट लेकीने सांगितली नव्हती. मामांनी पेढा पुढे केला आणि त्या नर्सने स्पेनच्या रीतीप्रमाणे त्यांच्या एका गालावर आणि मग दुसऱ्या गालावर ओठ टेकले. मामा पेढा हातात तसाच धरून उभे राहिले. "काय बाप्पा, सगळ्यांसमोर!" असं पुढे महिनाभर म्हणत होते, आणि ज्याला माहीत नव्हतं त्यालाही सांगत होते.

सगळ्या जगाचं तोंड गोड करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या लेकीचं अभिनंदन मात्र कधी केलं नव्हतं. लेकराचं तोंडावर कौतुक केलं की दृष्ट लागते, असं त्यांचे वडील मानायचे, म्हणून हेही मानायचे. ती वर्गात पहिली आली की "बरं. जेवून घे," आणि लेकीचं उत्तर, "ग्रँड, बाबा." इकडे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची मात्र पक्की मीथची, म्हणजे नावनच्या जिल्ह्यातली, इंग्रजी. तिने डॉक्टर व्हावं हे मामांनी ती रांगत होती तेव्हाच ठरवलेलं. बारावीला, म्हणजे इकडच्या लीव्हिंग सर्टच्या वर्षी, तिने जेवताना सांगून टाकलं की ती मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसणार नाही, स्पॅनिश घेऊन शिकणार आहे. मामा रागावले असते तर बरं झालं असतं. ते गप्प झाले. "तिला विचार, मीठ हवं का," इतपतच, तेही मामींमार्फत.

निकालाच्या दिवशी मामींचा फोन आला, "या रे दोघं. घरात कोणीतरी बोलणारं पाहिजे." आम्ही पोहोचलो तर लेक शाळेतून निकाल घेऊन आलेली, हवा तिथे प्रवेश मिळेल इतके गुण. ती ओट्यापाशी उभी होती आणि दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होती. मला तिची फार दया आली. शेजाऱ्याच्या कुत्र्याला शर्यतीत बक्षीस मिळालं तेव्हासुद्धा मामा डबा घेऊन गेले होते.

मामा आत आले, ते सरळ प्रेसपाशी गेले. डबा काढला. मग लेकीसमोर उभे राहून थिएटरमधल्या आवाजात म्हणाले, "एनोराब्वेना." आणि पुढे वाकून एका गालावर, चष्मा तिच्या नाकावर आपटला तरी मागे न हटता दुसऱ्या गालावर. मी न राहवून म्हणालो, "मामा, नियम मोडला. तिची भाषा मराठी."

"नाही, जावईबापू," मामा म्हणाले. "तिची भाषा तिनं निवडली ना."

लेकीने चष्मा सरळ केला, बापाचा, आणि हात पुढे केला. "बाबा, पेढा दे ना," ती म्हणाली. पेढ्यातला ढ पार आयरिश झाला होता, पण बाकी सगळं मराठी होतं. मामींनी डोळ्यांना पदर लावला आणि माझी बायको उगाचच चहा ठेवायला धावली.

आता ती वर्षभरासाठी स्पेनमध्ये ग्रानाडाला गेली आहे. मागच्या महिन्यात तिथली पहिली परीक्षा उत्तम पास झाली. फोनवर अभिनंदन करायचं नाही, त्यामुळे मामांनी तिला फक्त हवा कशी आहे आणि जेवलीस का, एवढंच विचारलं. रविवारी आम्ही नावनला गेलो होतो. चहाबरोबर काही गोड बघावं म्हणून मी प्रेस उघडला, तर डबा पेढ्यांनी भरलेला. मी हात घातला, तेवढ्यात मामा आले.

"ते ठेवा," ते म्हणाले. "ती ख्रिसमसला येऊन राहिली."

"तोवर वाळतील हो, मामा."

"वाळले की पुन्हा करतो," म्हणाले, आणि झाकण नीट दाबून बसवलं.